जुन्या गाडीचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर : आधी कारण, मग खर्च

दहा-बारा वर्षे विनातक्रार साथ दिलेली पेट्रोल गाडी एके दिवशी पीयूसी केंद्रावर नापास होते. गॅरेजमध्ये नेली की मेकॅनिक गाडीखाली डोकावतो, सायलेन्सरच्या नळीवर हाताने थाप मारतो आणि निदान सांगतो, 'साहेब, कॅटकॉन गेला.' मग मालकापुढे दोन पर्याय येतात. एक, कंपनीचा नवा कन्व्हर्टर बसवायचा. त्याची किंमत ऐकल्यावर जुन्या गाडीवर एवढा खर्च करावा का, असा प्रश्न पडतो. दुसरा पर्याय दबक्या आवाजात सुचवला जातो. आतली जाळी फोडून टाकायची, वरचे डबडे तसेच ठेवायचे. पैसे वाचतात आणि गाडीही हलकी पळते!

हे दोन्ही पर्याय घाईचे आहेत. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सहसा आपणहून मरत नाही. इंजिनातील दुसरा एखादा दोष त्याला हळूहळू मारतो. तो दोष न शोधता नवा कन्व्हर्टर बसवला, तर काही महिन्यांतच त्याचीही तीच गत होते. जाळी फोडून टाकली, तर दोष तसाच राहतो आणि विषारी धूर थेट रस्त्यावर येतो. म्हणूनच खर्चाचा निर्णय घेण्यापूर्वी हा भाग काय करतो, तो कशाने बिघडतो आणि बिघाड कसा ओळखायचा, हे मालकाने स्वतः समजून घेणे अगत्याचे आहे.

कन्व्हर्टर करतो काय?

इंजिन आणि सायलेन्सर यांच्या दरम्यान धुराच्या नळीवर बसवलेला हा एक पोलादी डबा असतो. त्याच्या आत मधमाशांच्या पोळ्यासारखी, हजारो बारीक छिद्रे असलेली चिनी मातीसदृश वीट असते. सर्वसाधारण विटेत दर चौरस इंचाला सुमारे ४०० छिद्रे असतात. या छिद्रांच्या भिंतींवर ॲल्युमिनाचा खडबडीत लेप असतो आणि त्या लेपात प्लॅटिनम, पॅलेडियम व ऱ्होडियम या मौल्यवान धातूंचे सूक्ष्म कण विखुरलेले असतात. हे धातू उत्प्रेरकाचे काम करतात, म्हणजे स्वतः खर्ची न पडता रासायनिक क्रिया घडवून आणतात.

इंजिनातून निघणाऱ्या धुरात तीन घटक घातक असतात. कार्बन मोनॉक्साईड, न जळलेले हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साईडे. कन्व्हर्टर पहिल्या दोहोंचे कार्बन डायऑक्साईड आणि पाण्यात, तर तिसऱ्याचे साध्या नायट्रोजनमध्ये रूपांतर करतो. मात्र त्यासाठी दोन अटी आहेत. पहिली, वीट साधारण २५० ते ३०० अंश सेल्सियसपर्यंत तापलेली हवी. थंड कन्व्हर्टर जवळपास निष्क्रिय असतो. दुसरी, इंजिनात हवा व पेट्रोल यांचे वजनी प्रमाण १४.७ ला १ याच्या अगदी जवळ हवे. हे प्रमाण राखण्यासाठी धुराच्या नळीत ऑक्सिजन सेन्सर बसवलेला असतो आणि त्याच्या संदेशानुसार गाडीतील संगणक पेट्रोलचा पुरवठा कमी-जास्त करतो. या दोन अटी पाळल्या गेल्या, तर सुस्थितीतील कन्व्हर्टर घातक वायूंचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग निकामी करतो.

आपल्याकडे १ एप्रिल १९९५ पासून दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना कन्व्हर्टर सक्तीचा झाला आणि त्याच्या जोडीने तेथे शिसेविरहित पेट्रोलही आले. शिसे उत्प्रेरक धातूंवर पुटासारखे बसून त्यांना कायमचे निकामी करते, म्हणून ही जोडी अपरिहार्य होती. देशभर शिसेविरहित पेट्रोल मिळू लागायला मात्र फेब्रुवारी २००० उजाडावा लागला. तोवर महानगराबाहेरच्या एखाद्या पंपावर टाकी भरणे नव्या कन्व्हर्टरसाठी प्राणघातक ठरू शकत असे. तो धोका आता उरलेला नाही. पेट्रोलमधील गंधकाचे प्रमाणही भारत स्टेज तीनमधील दशलक्ष भागांत १५० भागांवरून, एप्रिल २०२० मध्ये लागू झालेल्या भारत स्टेज सहामध्ये १० भागांवर आले आहे. म्हणजे आज मिळणारे इंधन जुन्या गाडीच्या कन्व्हर्टरला पूर्वीपेक्षा अधिक मानवणारे आहे. तरीही तो बिघडत असेल, तर कारण बहुधा गाडीतच शोधावे लागते.

तो बिघडतो कशाने?

कन्व्हर्टरचा सर्वात मोठा शत्रू म्हणजे मिसिंग करणारे इंजिन. प्लग झिजला, इग्निशन कॉइल किंवा प्लगची वायर कमकुवत झाली, की एखाद्या सिलिंडरमधील पेट्रोल न जळताच बाहेर पडते. ते तापलेल्या कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटते आणि विटेचे तापमान भलतेच चढते. सुमारे १००० अंशांच्या आसपास आतला लेप आकसू लागतो व धातूंचे कण एकमेकांत मिसळून त्यांचा पृष्ठभाग घटतो. उष्णता याहून वाढली, तर वीटच वितळून छिद्रे बंद होतात. 'थोडी मिसिंग आहे, पुढच्या सर्व्हिसिंगला बघू' असे म्हणून पुढे ढकललेले काम असे महागात पडते.

दुसरा शत्रू म्हणजे तेल खाणारे इंजिन. पिस्टनच्या रिंगा किंवा व्हॉल्व्हची सीले झिजली की इंजिन ऑईल सिलिंडरमध्ये जळते. त्यातील फॉस्फरस व जस्त यांची राख विटेच्या भिंतींवर बसते आणि वायूंचा उत्प्रेरकाशी संपर्कच तुटतो. हेड गॅस्केटमधून कूलंट झिरपत असेल, तर त्यातील रसायनेही हेच करतात. ऑक्सिजन सेन्सर म्हातारा होऊन सुस्त झाला की संगणकाला चुकीची माहिती मिळते व पेट्रोल जास्त सोडले जाते. मग काजळी आणि अतिरिक्त उष्णता दोन्ही वाढतात. रॉकेलची भेसळ असलेले पेट्रोल नीट जळत नाही, त्याचाही परिणाम असाच होतो.

मुंबईत सीएनजीवर चालवल्या जाणाऱ्या जुन्या गाड्यांबाबत एक गोष्ट ध्यानात ठेवावी. सीएनजी पेटवण्यासाठी ठिणगी अधिक जोरकस लागते. त्यामुळे पेट्रोलवर ठीक वाटणारे प्लग व कॉइल सीएनजीवर मिसिंग करू लागतात. अशा गाड्यांचे प्लग वेळेआधीच बदललेले बरे.

याखेरीज निव्वळ बाह्य आघातही असतात. उंच गतिरोधकावर डबा आपटणे, खड्ड्यातील दगड लागणे, किंवा लांबच्या प्रवासाने तापलेला कन्व्हर्टर पावसाळ्यात अचानक साचलेल्या पाण्यात बुडणे. तापलेल्या मातीच्या भांड्यावर गार पाणी ओतावे, तसा तो आतून तडकू शकतो.

बिघाडाची लक्षणे

कन्व्हर्टर दोन प्रकारे निकामी होतो आणि दोन्हींची लक्षणे वेगळी असतात.

पहिला प्रकार म्हणजे तुंबणे. गाडी सुरू होते, मंद गतीने ठीक चालते. पण हमरस्त्यावर वेग घेत नाही. ॲक्सिलरेटर दाबला तरी पिकअप मिळत नाही, चढावर दम लागल्यासारखे होते, ॲव्हरेज घसरते. सायलेन्सरच्या तोंडाशी धुराचा झोत क्षीण असतो आणि गाडीच्या तळाशी उष्णता नेहमीपेक्षा अधिक जाणवते. पार तुंबलेला कन्व्हर्टर इंजिन बंदही पाडतो.

दुसरा प्रकार म्हणजे निष्क्रिय होणे. वीट जागेवर असते, धूर बाहेर जातो, गाडी उत्तम पळते. पण उत्प्रेरक मेलेला असतो. चालकाला काहीच जाणवत नाही. हा प्रकार अधिक फसवा, कारण तो केवळ पीयूसीच्या तपासणीत उघड होतो.

सुरू करताना किंवा ॲक्सिलरेटर सोडताना गाडीखालून डब्यात खडे वाजल्यासारखा आवाज येत असेल, तर वीट फुटली असण्याची शक्यता असते. मात्र सैल झालेला उष्णतारोधक पत्राही अगदी तसाच वाजतो, तो आधी पाहावा. कुजक्या अंड्यांसारखा वास वारंवार येणे हे इंजिनात पेट्रोल जास्त जात असल्याचे लक्षण असू शकते.

डॅशबोर्डवरील 'चेक इंजिन' दिव्याबद्दल एक गैरसमज आहे. कन्व्हर्टर गेला की तो लागतोच, असे अनेकांना वाटते. कन्व्हर्टरच्या कार्यक्षमतेवर नजर ठेवणारी यंत्रणा आपल्याकडे एप्रिल २०१३ पासूनच्या नियमांनी सक्तीची झाली. त्याआधीच्या बहुतेक गाड्यांत कन्व्हर्टरच्या पुढे एकच ऑक्सिजन सेन्सर असतो. मागे काय घडते आहे, हे गाडीला कळतच नाही. त्यामुळे अशा गाडीत दिवा लागला नाही, याचा अर्थ कन्व्हर्टर ठीक आहे असा होत नाही. याउलट नव्या गाडीत स्कॅनरने 'पी ०४२०' हा कोड दाखवला, तरी तो निकाल समजू नये. नळीतील गळती, थकलेला सेन्सर किंवा मिसिंग यांमुळेही हा कोड येतो. तो तपास सुरू करण्याची सूचना आहे, एवढेच.

पीयूसीचा कागद वाचायला शिका

जुन्या गाडीच्या मालकाच्या हाती असलेले सर्वात स्वस्त निदानयंत्र म्हणजे पीयूसीचे प्रमाणपत्र. आपण त्यावरील मुदतीची तारीख पाहतो आणि कागद डॅशबोर्डच्या कप्प्यात टाकून देतो. खरे तर वाचायचे असतात ते त्यावरील आकडे.

इंजिन आयडलिंगला असताना भारत स्टेज दोन व तीनच्या पेट्रोल मोटारींसाठी कार्बन मोनॉक्साईडची मर्यादा ०.५ टक्के व हायड्रोकार्बनची दशलक्ष भागांत ७५० भाग आहे. भारत स्टेज चार व त्यानंतरच्या गाड्यांसाठी हे आकडे अनुक्रमे ०.३ टक्के व २०० भाग आहेत. या नव्या गाड्यांची इंजिन मिनिटाला सुमारे २५०० फेऱ्यांवर ठेवून आणखी एक तपासणी होते. तीत कार्बन मोनॉक्साईड ०.२ टक्क्यांच्या आत आणि 'लॅम्डा' हा आकडा साधारणतः ०.९७ ते १.०३ च्या दरम्यान असावा लागतो. लॅम्डा म्हणजे हवा व पेट्रोल यांच्या आदर्श प्रमाणापासून मिश्रण किती ढळले आहे, याचे माप. तो एक असेल तर मिश्रण अचूक. एकपेक्षा कमी असेल तर पेट्रोल जास्त. अधिक असेल तर हवा जास्त.

या आकड्यांचा एकत्रित अर्थ लावता येतो. कार्बन मोनॉक्साईड जास्त आणि लॅम्डा एकपेक्षा बराच कमी असेल, तर आधी पेट्रोल जास्त का जाते ते शोधावे. ऑक्सिजन सेन्सर, इंजेक्टर आणि एअर फिल्टर तपासावेत. हायड्रोकार्बन खूप जास्त पण कार्बन मोनॉक्साईड बेताचा असेल, तर मिसिंगचा संशय घ्यावा. लॅम्डा एकपेक्षा अधिक दिसत असेल, तर बाहेरची हवा कोठून तरी आत शिरते आहे का, हे पाहावे. आणि लॅम्डा जवळपास एक असूनही कार्बन मोनॉक्साईड व हायड्रोकार्बन दोन्ही मर्यादेबाहेर असतील, तर संशयाची सुई खऱ्या अर्थाने कन्व्हर्टरकडे वळते. मिश्रण योग्य आहे, तरीही रूपांतर होत नाही, असा त्याचा अर्थ.

प्रमाणपत्रे वर्षानुवर्षे एका पाकिटात जपून ठेवली, तर आकडे हळूहळू चढताना दिसतात आणि नापास होण्याआधीच सावध होता येते. तपासणीला जाण्यापूर्वी गाडी किमान पंधरा-वीस मिनिटे चालवून न्यावी. घरापासून दोन मिनिटांवरच्या केंद्रात थंड गाडी नेली, तर सुदृढ कन्व्हर्टरही नापास ठरू शकतो.

गॅरेजमध्ये काय करून घ्यावे?

निदान कानाने किंवा थाप मारून होत नाही. चांगल्या मेकॅनिकने पुढील क्रम पाळावा आणि मालकाने तसा आग्रह धरावा. प्रथम प्लग, कॉइल, वायर व एअर फिल्टर तपासावेत. काढलेला प्लग बरेच सांगून जातो : काळी कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, ओलसर तेलकट थर म्हणजे इंजिन तेल खाते. त्यानंतर इंजिनपासून कन्व्हर्टरपर्यंतच्या नळीला व गॅस्केटला कोठे गळती आहे का, ते पाहावे.

तुंबल्याचा संशय असेल, तर पुढचा ऑक्सिजन सेन्सर काढून त्या जागी दाबमापक बसवावा. आयडलिंगला दाब साधारण दीड पीएसआयच्या आत आणि २५०० फेऱ्यांना तीन पीएसआयच्या आत असावा. तो याहून बराच चढत असेल, तर पुढे मार्ग अडला आहे. तो कन्व्हर्टरमध्येच अडला आहे की मागच्या सायलेन्सरमध्ये, हेही तपासून घ्यावे. मागेही सेन्सर असलेल्या गाडीत स्कॅनरवर दोन्ही सेन्सरांचे आलेख पाहता येतात. पुढच्याचा आलेख सतत वर-खाली होतो, मागच्याचा जवळपास स्थिर राहायला हवा. मागचाही पुढच्यासारखाच नाचत असेल, तर कन्व्हर्टर थकला आहे.

साफ करून चालतो का?

बाजारात पेट्रोलमध्ये टाकायची अनेक 'कन्व्हर्टर क्लीनर' द्रावणे मिळतात. त्यांच्याकडून अपेक्षा माफक ठेवावी. केवळ शहरात, लहान-लहान अंतरे चालवलेल्या गाडीत साचलेली काजळी महामार्गावर तासभर एकसारख्या वेगाने गाडी चालवल्यानेही पुष्कळशी जळून जाते, बशर्ते इंजिन मिसिंग करीत नसावे. परंतु वितळलेली वीट, फुटलेली वीट किंवा तेलाच्या राखेने माखलेला उत्प्रेरक कोणत्याही द्रावणाने पूर्ववत होत नाही. काही ठिकाणी डबा काढून तो ॲसिडने धुऊन देतात. त्याने आतला लेपच सुटण्याचा धोका असतो.

जाळी फोडण्याचा मोह

आता त्या दबक्या आवाजातील सल्ल्याविषयी. तुंबलेल्या कन्व्हर्टरची जाळी फोडली की गाडी मोकळी होते, हे खरे. पण ती मोकळी होते तुंबारा गेल्यामुळे. नवा, सुस्थितीतील कन्व्हर्टर बसवला तरी ती तशीच पळते. जाळी काढल्याने 'ताकद वाढते', ही समजूत त्यामुळे फसवी आहे.

नुकसान मात्र खरेच होते. सिग्नलला उभ्या असलेल्या त्या गाडीमागचा रिक्षाचालक, शाळेतून परतणारी मुले आणि इमारतीच्या बंदिस्त वाहनतळावरील पहारेकरी हे सारे तो धूर श्वासात घेतात. कार्बन मोनॉक्साईडला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. नळीला कोठे गळती असेल, तर तो गाडीच्या आतही शिरतो.

कायद्याच्या दृष्टीनेही हे अंगाशी येते. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० (२) नुसार प्रदूषणाच्या मानकांचे उल्लंघन केल्यास २०१९ च्या दुरुस्तीनंतर दहा हजार रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. खासगी गाडीला पंधरा वर्षे पूर्ण झाली की नोंदणी नूतनीकरणासाठी तपासणीला सामोरे जावे लागते. तेव्हा पोकळ डबा अडचणीचा ठरतो.

शिवाय फोडलेल्या विटेचे तुकडे जातात कोठे, हेही विचारावे. त्यात प्लॅटिनम गटातील धातू असतात आणि भंगाराच्या बाजारात त्यांना चांगला भाव येतो. जाळी 'फुकट' काढून देण्याच्या औदार्यामागे हे कारण असू शकते. याच धातूंच्या मोहापायी अनेक देशांत उभ्या गाड्यांचे कन्व्हर्टर चोरले जातात आणि आपल्याकडेही व्हॅनच्या सायलेन्सरच्या चोऱ्या झाल्या आहेत.

नवा कन्व्हर्टर घेताना

कारण सापडले, ते दुरुस्त झाले आणि तरीही कन्व्हर्टर बदलणे भाग असेल, तर खर्च सार्थकी लागेल अशी काळजी घ्यावी.

कन्व्हर्टर आपल्या गाडीच्या नेमक्या इंजिनासाठी व तिच्या भारत स्टेज मानकासाठी बनवलेला आहे, याची खात्री करावी. दिसायला सारखा पण मौल्यवान धातूंचे प्रमाण अत्यल्प असलेला स्वस्त माल सुरुवातीला पीयूसी उत्तीर्ण होतो आणि लवकरच मान टाकतो. म्हणून हमीपत्र व पक्के बिल घ्यावे. कुर्ल्यासारख्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारात वापरलेला कन्व्हर्टर स्वस्तात मिळतो. पण तो ज्या गाडीतून निघाला तिचे इंजिन तेल खात होते की नाही, हे कोण सांगणार?

बसवताना गॅस्केट व गंजलेले नट-बोल्ट नवे घालावेत. डब्यावर प्रवाहाच्या दिशेचा बाण असेल तर तो पाळावा. टांगणारी रबरे तपासावीत, कारण ती तुटली की डबा हिसके खाऊन आतून फुटतो. उष्णतारोधक पत्रा पुन्हा जागेवर लावून घ्यावा. सांधे बुजवण्यासाठी साधे सिलिकॉन सीलंट वापरू देऊ नये. त्याची वाफ ऑक्सिजन सेन्सर व उत्प्रेरक दोघांनाही बाधते. सेन्सर जुना असेल, तर याच वेळी बदलणे शहाणपणाचे. जुना कन्व्हर्टर गॅरेजमध्ये सोडून येऊ नये. त्याचे मोल बिलातून वजा करून मागावे, किंवा तो परत घ्यावा. काम झाल्यावर पुन्हा पीयूसी करून नवे आकडे जुन्या कागदाशेजारी ठेवावेत.

इंजिनच दर हजार किलोमीटरला लिटरभर तेल पीत असेल, तर मात्र थांबून हिशेब करावा. अशा गाडीत इंजिनकाम केल्याविना नवा कन्व्हर्टर बसवणे म्हणजे पैसे पाण्यात. इंजिनकाम आणि कन्व्हर्टर यांचा एकत्रित खर्च गाडीच्या बाजारभावाला भिडत असेल, तर ती नोंदणीकृत मोडीत केंद्राकडे सोपवण्याचा विचार करायला हरकत नाही.

पुढे काय जपावे?

प्लग ठरलेल्या किलोमीटरला बदलावेत. ऑईलची पातळी पंधरवड्यातून एकदा पाहावी. ते कमी होत असेल तर कारण शोधावे. बॅटरी उतरल्यावर गाडी ढकलून सुरू करण्याची सवय सोडावी, कारण न जळलेले पेट्रोल थेट कन्व्हर्टरमध्ये जाते. मिसिंग जाणवल्यास किंवा 'चेक इंजिन' दिवा लुकलुकू लागल्यास वेग कमी करून शक्य तितक्या लवकर गॅरेज गाठावे. तापलेली गाडी वाळक्या गवतावर किंवा पाचोळ्यावर उभी करू नये, आग लागू शकते. आणि आठवड्यातून एकदा तरी गाडीला अर्धा-पाऊण तास मोकळ्या रस्त्यावर पळवावे, म्हणजे कन्व्हर्टर पुरता तापून आतील काजळी जळून जाईल.

गाडी जुनी होणे टळत नाही. पण जुनी गाडी घाणेरडी असलीच पाहिजे, असे नाही. पुढच्या वेळी पीयूसीचा कागद हातात पडला, की तारखेआधी त्यावरील आकडे वाचावेत. इंजिनाच्या प्रकृतीची पहिली बातमी तेथेच मिळते, आणि ती वेळीच वाचली तर मोठा खर्च बहुधा टळतो.